पुसाईची हद्द

वडगावात, मागांच्या गल्लीच्या टोकाला,
भैरू पेंटराच्या दुकानामागं
एक गुडघाभर दगड आहे.
मुळात दगडच होता.
काम संपलं की ब्रश पुसायचा, एवढाच उपयोग.

चाळीस वर्षं पुसला ब्रश.
आता खालचा दगड दिसत नाही.
कुठं टवका उडाला तर आत कांद्यासारखे पदर:
ऑक्साइडचा तांबडा,
कुठल्याशा निवडणुकीचा हिरवा,
बंद पडलेल्या टॉकीजचा निळा.

पहिलं कुंकू कुणी लावलं, ठाऊक नाही.
निंगव्वा म्हणते, लावायचं कशाला,
ती आधीच लाल होती की.
निंगव्वा तिला बण्णव्वा म्हणते, आम्ही पुसाई.
दोन्ही नावांना ती सारखीच गप्प.

मी पुजारी नव्हे.
अक्षराची बाहेरची रेघ भैरूमामाची,
आतलं पोट भरायचं माझ्याकडं.
तरी लोक मलाच विचारतात,
हिच्याकडं काय काय येतं?

साडीचा काठ येतो, हे सगळ्यांना मान्य.
खानापूरचा एक कुंभार खापरी ठेवून म्हणाला,
चाकावरचं दुसऱ्या देवांचं.
उतरताना जे वाकडं होतं, तेवढं हिचं.
गोकाकहून लाकडी फळं रंगवणारी बाई आली.
तिनं विचारलंच नाही. केळं ठेवलं.
माशी बसली, उडाली, परत येऊन बसली.
बाई हसली. पावली म्हणाली.

निपाणीची मालूबाई विड्या वळते,
दिवसाला हजार, डोळे मिटूनही सारख्या.
ही कला की मजुरी,
गल्लीत तासभर वाद झाला.
मालूबाई म्हणाली, ठरवा सावकाश,
मला पाचची गाडी आहे.

बोर्ड आम्ही दोन लिप्यांत लिहायचो.
कन्नड लिहिताना मामाचं मनगट
जोंधळा पाखडल्यासारखं गोल फिरायचं.
मराठीला तो आधी वरची रेघ ओढायचा
आणि दोरीवर धुणं घालावं
तशी एकेक अक्षरं टांगायचा.
उंची सारखी, वजन सारखं.
पट्टी लावून बघायचा.

एका पहाटे चौकातल्या बोर्डावर डांबर.
एक ओळ गेली होती.
कुठली, ते सांगत नाही.
कधी ही जाते, कधी ती.

खाली माणसं ओरडत होती.
मामानं शिडी लावली, चष्मा कपाळावर सारला,
नाक टेकवून पाहिलं.
एका दमात ओढलंय.
ओळीबाहेर थेंब नाही.
ब्रश तीन इंची, म्हणाला, हात शिकलेला.
मग बराच वेळ काही नाही.
मग, शेवटाला उचलताना झटका देतो.
तो झटका मोड म्हणून
चार वर्षं सांगत होतो मी त्याला.

नाव घेतलं नाही.
माझ्या आधी अक्षरांची पोटं
तोच भरायचा.

दुकानामागं गेलो.
पुसाईच्या उजव्या खांद्यावर ओलं डांबर.
इथंच येऊन पुसला होता ब्रश.
सवय असेल.
नमस्कारही असेल.

आधी मी ठासून सांगायचो,
काढणं हिचं, खोडणं हिचं नव्हे.
आता कुणी विचारलं तर
डबा हलवत बसतो.

ओळ आम्ही परत लिहिली.
संध्याकाळी मामानं पांढऱ्याचा ब्रश
त्या काळ्यावरच पुसला, दोनदा, तीनदा,
झाकलं जाईपर्यंत.
पण डांबर पांढऱ्याखाली राहत नाही.
मे महिन्यात ऊन चढलं की
खांद्यावर तपकिरी होऊन वर येतं, चिकट.
लोक म्हणतात, आईला घाम फुटलाय.
निंगव्वा माग बंद करून येते,
पुठ्ठ्यानं वारा घालते,
आणि तिच्या भाषेत
काहीतरी रागावून बोलते.
कुणाला, ते मी विचारलेलं नाही.